एकट्याने पहिल्यांदा फिरायला निघताय? कोल्हापूरपासून सुरू करा

एकट्याने फिरायचंय असं म्हणणारी माणसं मला सारखी भेटतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात लगेच लडाख, स्पिती, नाहीतर थेट व्हिएतनाम असतं. जा की, नंतर जा. पण ज्याने आजवर स्वतःचं रेल्वेचं तिकीटसुद्धा कधी काढलं नाही (नवरा काढतो, भाऊ काढतो, ऑफिसातला तो एक हुशार मुलगा सगळ्यांचंच काढतो) त्याने पहिल्याच फटक्यात स्पितीला जाऊन काय होणार, तिथेही टूरवाला सगळं आयतं करून देणार आणि आपण खिडकीतून डोंगर बघणार. चौकशी करणं, भाव ठरवणं, लॉजवाल्याशी बोलणं, एकट्याने जेवायला बसणं, आता डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरवणं, ही कामं आपण वर्षानुवर्षं दुसऱ्यावर ढकललेली असतात, आणि ती स्वतः करायला लागलो की कॉन्फिडन्स येतो असा माझा अनुभव आहे. किती किलोमीटर गेलो याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

मग त्यासाठी गाव कसं हवं, तर आपली भाषा चालणारं, एसटीने जाता येणारं, आणि रात्री आठलाही रस्त्यावर बायका-पोरं दिसणारं. म्हणून मी सगळ्यांना कोल्हापूर सांगते. दोन दिवस, एक मुक्काम, बास. खालचं सगळं पुणे-मुंबईच्या हिशेबाने लिहिलंय, बाकीच्यांनी गाव बदला, पायऱ्या त्याच.

आधी स्वतःच्याच शहरात

डायरेक्ट मुक्कामाला जाऊ नका. आधी एक दिवस आपल्याच गावात एकट्याने जेवायला जा, पार्सल नाही, टपरीवर उभं राहून वडापाव नाही, टेबलावर बसून पूर्ण थाळी, आणि मोबाईल पर्समध्ये. पहिली दहा मिनिटं सगळं हॉटेल आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, प्रत्यक्षात कोणी बघत नसतं, बाजूच्या टेबलावर त्यांचं बिल कोण देणार यावरून भांडण चाललेलं असतं. हे जमलं की पुढचं बरंच सोपं.

मग एक दिवसाची ट्रिप, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पुण्याहून वाई, मुंबईहून लोकलने टिटवाळा, नाशिकहून त्र्यंबक, नागपूरहून रामटेक, संभाजीनगरहून वेरूळ. यात एकच अट, कोणालाही न विचारता सगळं स्वतः शोधायचं, गाडी कुठून सुटते, परतीची शेवटची कितीची, आणि ती जागा त्या दिवशी उघडी आहे का. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, हे न बघता गेलेले लोक गेटवर हात हलवत उभे असतात, त्यातले आपण नको.

घरी कसं सांगायचं

तिकिटापेक्षा अवघड भाग हा आहे, विशेषतः बायकांसाठी, आणि पन्नाशी उलटलेल्या बायकांसाठी तर फारच, कारण नवऱ्यापेक्षा मुलंच जास्त आडवी येतात. 'मी जाऊ का?' असा प्रश्न टाकलात की त्याला 'कशाला?' हेच उत्तर येणार. त्याऐवजी सगळं ठरवून मगच सांगा, शनिवारी सकाळच्या गाडीने जातेय, अमुक लॉज, हा त्यांचा नंबर, रविवारी रात्री घरी. कागदावर लिहून फ्रिजला लावा. माणसं प्रवासाला घाबरत नाहीत हो, त्यांना काही माहितीच नसतं म्हणून घाबरतात, माहिती दिली की निम्मा विरोध गळतो. उरलेला निम्मा 'लोक काय म्हणतील' या सदरातला असतो, त्याला इलाज नाही.

फोनचंही आधीच ठरवून टाका. दिवसातून दोन मेसेज, पोचल्यावर एक आणि रात्री खोलीत शिरल्यावर एक. एका विश्वासातल्या माणसाला लाईव्ह लोकेशन देऊन ठेवा. पण फॅमिली ग्रुपवर नको, तिथे दर अर्ध्या तासाने आत्या विचारणार की अजून कराडच का.

तिकीट

पुण्याहून जायचं तर स्वारगेटला जा. कोल्हापूरच्या गाड्या दिवसभर असतात, लालपरी, शिवशाही, काय हवं ते. साधारण पाच-सहा तास धरा, हायवेचं काम चालू असेल तर जास्त. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आहे, शिवशाहीलाही, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवासच फुकट आहे (ओळखपत्र जवळ ठेवा). म्हणजे परवडत नाही हे कारण गेलं.

रिझर्व्हेशन ॲपवर होतं, पण पहिल्या वेळी मी म्हणेन मुद्दाम चौकशीच्या खिडकीवर जा आणि विचारा. तिथला माणूस मान वर न करता 'सात नंबर' एवढंच बोलेल. ते अपमानास्पद वगैरे काही नाही, त्याला सकाळपासून चारशे लोकांनी तेच विचारलंय. सात नंबरला जायचं, गाडीची पाटी वाचायची आणि तरी चढताना कंडक्टरला एकदा विचारायचं, 'कोल्हापूर ना?' पाटी चुकीची असू शकते, कंडक्टर चुकीचा नसतो.

मुंबईवाल्यांनी महालक्ष्मी एक्सप्रेस बघा, रात्री सीएसएमटीहून निघते आणि सकाळी कोल्हापुरात. कोयना दिवसाची आहे पण ती पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि पहिल्यांदा जाताना अनोळखी गावात उजेडी पोचायचं हा नियम मी फार कडक पाळायला सांगते, बाकीचे मोडले तरी चालतील. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. एकट्या बाईने बुकिंग करताना कोट्याच्या ठिकाणी लेडीज निवडून बघावं, स्लीपरमध्ये थोडे बर्थ त्यासाठी राखून असतात आणि बऱ्याच जणींना हे माहितीच नसतं. बर्थ अप्पर घ्या, कधीही आडवं होता येतं, बॅग उशाशी राहते, आणि खाली बसलेल्या काकांच्या राजकारणावरच्या गप्पांत मान डोलवावी लागत नाही. ऑनलाईन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते दाखवून गाडीत चढता येत नाही, तेव्हा वेटिंगच्या भरवशावर पहिली ट्रिप आखू नका.

तारीख निवडताना नवरात्र आणि चैत्रातली जोतिबाची यात्रा टाळा, उसंत मिळणार नाही. जुलै-ऑगस्टचा धो-धो पाऊसही नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने हायवेच बंद पडला होता, लोक दोन्हीकडे अडकून पडले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

बॅग

जी बॅग स्वतः उचलून एसटीच्या रॅकवर ठेवता येते तेवढीच. घरी एकदा उचलून, वर धरून बघा. कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, चप्पल, कुलूप (रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप लागतं), पॉवरबँक, पाण्याची बाटली, नेहमीच्या गोळ्या, बायकांनी पॅड तारीख नसली तरी ठेवावेत. पैसे दोन जागी. यूपीआय सगळीकडे चालतं हे खरं, पण जिथे अगदी गरज असते नेमकं तिथेच ते फिरत बसतं, तेव्हा दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा, पाचशेची नोट सकाळी कंडक्टरपुढे धरलीत की तो तुमच्याकडे जे बघेल ना. आधारचं मास्क्ड कार्ड डाऊनलोड करून दोन प्रिंट घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, लॉजवर तेच द्यावं.

लॉज

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त अडखळतो म्हणून जरा सविस्तर.

ॲपवर बुकिंग केलंत तरी लॉजवर स्वतः फोन करा आणि सरळ विचारा, 'मी एकटीच आहे, सिंगलला रूम देता ना?' याचं कारण असं की देवस्थानाच्या गावांत बऱ्याच भक्तनिवासांत आणि लॉजेसमध्ये एकट्या माणसाला खोली देत नाहीत, बाई असो की पुरुष. त्यांची कारणं त्यांच्यापाशी, पण रात्री नऊला काउंटरवर ते ऐकण्यापेक्षा आठवडाभर आधी फोनवर ऐकलेलं बरं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही, पुढचा नंबर फिरवायचा. तीन-चार फोन झाले की आवाजातली ती 'माफ करा हं, त्रास देतेय' वाली कापरी आपोआप जाते, मी लोकांना हे फोन मुद्दाम स्वतः करायला लावते ते याचसाठी.

जागा कुठली, तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास किंवा अंबाबाईच्या देवळाजवळ. रेल्वे स्टेशनही सीबीएसपासून चालत जाण्याइतकंच आहे.

गेल्यावर आधी खोली दाखवा म्हणायचं, पैसे नंतर. खोलीत शिरून काय बघायचं तर दाराची आतली कडी. नुसतं लॅच नको, कडी हवी, ती लावून दार जोरात ओढून बघा. मग खिडकी, तिची जाळी, खिडकीबाहेर गॅलरी आहे का आणि ती शेजारच्या खोलीला जोडलेली आहे का. बाथरूमचा नळ सोडा, गरम पाणी किती ते किती येतं ते विचारा, कारण कुठे कुठे ते सहा ते नऊच असतं. चादर उचलून बघा, मळकी असेल तर 'बदलून द्या' म्हणा, हे वाक्य म्हणताना जीभ अडते ना, म्हणूनच म्हणा. आवडलं नाही तर दुसरी खोली मागा. तळमजल्यावरची अगदी कोपऱ्यातली मी घेत नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची जिन्याजवळची घेते.

रजिस्टरमध्ये नाव, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण वगैरे रकाने असतात. कारण 'पर्यटन' किंवा 'देवदर्शन', देवदर्शन लिहिलं की काउंटरवरचा चेहरा थोडा सैल होतो हे मात्र खरं. 'एकट्याच?' हा प्रश्न येणारच. रिसेप्शनवर खरं सांगा, बाकी कुठे, रिक्षात, बसमध्ये, चहाच्या गाड्यावर कोणी विचारलं तर 'मंडळी देवळात आहेत' म्हणून मोकळं व्हायचं, अनोळखी माणसाला आपला पूर्ण कार्यक्रम सांगणं हे काही सत्यवादीपणाचं लक्षण नव्हे.

गाडीत

कंडक्टरच्या जवळची सीट बघा. बायकांसाठी राखीव सीटवर पाटी असते, तिथे कोणी बसलं असेल तर उठवायचा हक्क आहे, कंडक्टरला सांगा, तो उठवतो. हायवेला जेवणाच्या थांब्यावर 'गाडी दहा मिनिटं थांबेल' असा पुकारा होतो, उतरताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा, कारण तिथे सारख्या दिसणाऱ्या पाच-सहा लालपऱ्या एका ओळीत उभ्या असतात आणि चहा पिऊन आल्यावर आपली कोणती ते काही केल्या आठवत नाही. शेजारच्या बाईला 'मी येईपर्यंत गाडी सोडू देऊ नका हं' सांगून उतरलात तर अजून उत्तम.

पहिला दिवस

बॅग टाका, तोंड धुवा आणि लगेच बाहेर पडा, पलंगावर पडलात की संपलं. अंबाबाईचं देऊळ, शेजारीच भवानी मंडप, पुढे खासबागचं कुस्तीचं मैदान, बिंदू चौक, हे सगळं एकमेकांपासून पायी आहे, रिक्षाची गरज नाही. मॅप बघून रस्ता पाठ करा आणि मग फोन खिशात घालून माणसांना विचारत जा, कोल्हापुरात रस्ता विचारला की माणूस नुसतं बोट दाखवत नाही, चार पावलं बरोबर येतो, आणि 'कुठनं आलाय?' पासून चौकशी सुरू होते. खासबाग शाहू महाराजांनी बांधलेलं, तिथे क्षणभर पायऱ्यांवर बसा. न्यू पॅलेसचं म्युझियम दुसऱ्या दिशेला आहे, तिथे जायचं तर रिक्षा, आणि बसायच्या आधी एखाद्या दुकानदाराला विचारून घ्या की तिथपर्यंत किती घेतात. मग रिक्षावाल्याने आकडा सांगितला की तुम्हाला कळतं हसायचं की बसायचं.

जेवायला काही ताण नाही. मिसळ ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, कट वेगळा मागा, गर्दीच्या वेळी दोन अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवतात, बसा. मटण खाणाऱ्यांनी ताट घ्या, तांबडा-पांढरा येतोच.

संध्याकाळचे सहा ते आठ

याबद्दल कोणी आधी सांगत नाही. दिवसभर मस्त वाटतं आणि दिवेलागणीला एकदम पोटात खड्डा पडतो. घरी आता कुकर लागला असेल, आपण इथे कशाला आलो, कोणाला काय दाखवायचं होतं, वगैरे वगैरे. धट्ट्याकट्ट्या पुरुषांनाही होतं, ते सांगत नाहीत. ही भीती नसते, नुसता एकटेपणा असतो आणि तो जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकतो, पण तेवढ्यात लोक परतीचं तिकीट शोधायला लागतात. तेव्हा या दोन तासांचा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवा आणि काहीही झालं तरी त्या वेळी खोलीत बसू नका.

कोल्हापुरात रंकाळा आहे त्यासाठी. देवळापासून फार लांब नाही. संध्याकाळी अख्खं गाव तिथे फिरायला येतं, आज्या, पोरं, नवीन लग्न झालेली जोडपी, भेळेच्या गाड्या, समोर शालिनी पॅलेस. भेळ घ्या, कट्ट्यावर बसा, आणि माणसं बघा. घरी फोन आत्ता करू नका, आवाज भरून येतो आणि तिकडे उगाच घोर लागतो, जेवण झाल्यावर करा. परत येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध मिळतं, न तापवलेलं कच्चं असतं तेव्हा पोट नाजूक असेल त्यांनी नुसतं बघावं. नऊ-साडेनऊला खोलीत, कडी लावा, दुसऱ्या दिवशीची गाडी बघा, झोपा. पहिल्या रात्री झोप तुटक लागते. चालायचंच.

दुसरा दिवस, पन्हाळा

सकाळी लवकर सीबीएसवरून पन्हाळ्याची एसटी धरा, वीसेक किलोमीटर आहे. एकट्याने पहिला किल्ला म्हणून मी मुद्दाम पन्हाळाच सांगते, कारण वर गाव आहे, नगरपरिषद आहे, गाडी थेट वर जाते, चहा-नाश्ता मिळतो. हरिश्चंद्रगड नाहीतर राजगड एकट्याने, तेही पहिल्यांदा, अजिबात नको, कोणी कितीही रील्स टाकू देत. पाय मुरगळला तर तिथे हाक मारायला कुत्रं नसतं.

गाडीतून उतरता उतरता कंडक्टरला एकच प्रश्न, 'खाली जायची शेवटची गाडी कितीची?' ही सवय इथे लागली की पुढे कुठेही उपयोगी पडते. आणि शेवटच्या गाडीच्या आधीची पकडायची.

वर तीन दरवाजा, अंबरखान्याची धान्याची कोठारं, सज्जाकोठी, अंधारबाव, निवांत चालत तीन-चार तास लागतात. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज रात्री पावसात निसटले ते इथूनच, हे शाळेत वाचलेलं असतं, पण तटावर उभं राहून खालचा मुलूख बघितला की वेढा म्हणजे काय ते कळतं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत महाराजांचे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळे गर्दी असते, एकट्या माणसाला ती सोबतच. गाईड एकट्यासाठी महाग पडतो, एखाद्या कुटुंबाला विचारून त्यांच्यात सामील व्हा आणि पैसे वाटून घ्या, बहुतेक लोक हो म्हणतात, वर डब्यातली पोळीभाजीही खाऊ घालतात.

काही बिघडलं तर

काहीतरी बिघडतंच. गाडी रद्द होते, मोबाईल बंद पडतो, पोट बिघडतं. तीन नंबर पाठ हवेत, फोनमध्ये सेव्ह नव्हे, पाठ. घरचा एक, ११२, आणि रेल्वेत असाल तर १३९. कोणी मागे मागे येतंय असं वाटलं तर पुरावा शोधत बसू नका, सरळ एखाद्या बायका असलेल्या दुकानात शिरा, किंवा बसस्थानकात असाल तर नियंत्रण कक्षात, आणि मोठ्या आवाजात सांगा. उगाच तमाशा होईल का, हा विचार घरी गेल्यावर करा. अंदाज चुकला तर चुकला, कोणी फाशी देत नाही.

आणि अगदीच नको वाटलं, तर अर्ध्यावर परत या. त्यात नापास होणं वगैरे काही नाही, स्वतः ठरवून, स्वतः तिकीट काढून परत येणं हाही प्रवासच, फक्त घरी खोटी कारणं सांगू नका, पुढच्या वेळी तीच आडवी येतात.

नंतर कुठे

घरी आल्यावर त्याच रात्री खर्च लिहून काढा, तिकीट, लॉज, खाणं, रिक्षा, सगळं. पुढच्या ट्रिपचं बजेट त्यावरून निघतं आणि कोणी विचारलं तर आकडा तोंडावर फेकता येतो. दुसरी ट्रिप जरा लांबची करा पण मराठीतलीच, दादरहून तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडी, किंवा एसटीने गणपतीपुळे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, डेपोत चौकशी करा, एकट्या माणसाला तो फार सोयीचा कारण बेत कधीही बदलता येतो.

भाषा बदलणारं गाव तिसऱ्या वेळेला. हंपी बघा. हरिप्रिया एक्सप्रेस कोल्हापूरहूनच सुटते आणि होसपेटवरून जाते, तिथून हंपीला लोकल बस. फक्त होसपेटला गाडी कितीला पोचते ते टाईमटेबलात बघा, अपरात्रीची वेळ असेल तर पहिल्या रात्रीची खोली होसपेट स्टेशनजवळच घ्या आणि हंपीला उजाडल्यावर जा.